उकळलेला नमुना

साहेबांना वास सहन होत नसे. तसा तो कुणालाच होत नाही, पण साहेबांचं नाक म्हणजे निराळंच प्रकरण होतं. खाली जिन्यात कुणी केळ्याचं साल टाकलं तर वरच्या मजल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांच्या खोलीत शिरलं की लिंबाच्या फवाऱ्याचा ढग अंगावर यायचा. कुणी हात पुढे केला तर ते नुसती मान हलवून मोकळे व्हायचे. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तसं वाटेल.

आमची प्रयोगशाळा वनस्पतींपासून काढलेली औषधी द्रव्यं तपासून द्यायची. त्या वर्षी एका कंपनीची पूड आली होती. काही वनस्पतींत बाईच्या हार्मोनसारखं दिसणारं एक द्रव्य असतं. आपल्या पेशींत त्या हार्मोनसाठी ठरलेली जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. हार्मोन तिथे दोन्ही टोकांनी घट्ट धरून बसलं की पेशीला हुकूम सुटतो. वनस्पतीतलं द्रव्यही तिथे जाऊन बसतं, पण पाहुण्यासारखं, खुर्चीच्या कडेवर. कंपनीने त्या द्रव्यात दोन फेरफार केले होते. एक म्हणजे अंगाला शेपूट जोडलं, म्हणजे ते शरीरात जास्त वेळ टिकेल. दुसरं म्हणजे एका टोकावर मिथाइलची बारीकशी टोपी चढवली. टोपीमुळे त्या टोकाची पकड सुटते आणि जागेत बसताच येत नाही. म्हणून कंपनीचं म्हणणं असं की पाळी जाताना होणारी अंगाची लाही ही पूड शमवते, पण रिसेप्टरला शिवतसुद्धा नाही. सबब, स्तनाचा आजार होऊन गेलेल्या बायकांनीही ती बिनघोर घ्यावी. हे शेवटचं वाक्य त्यांना डब्यावर छापायचं होतं, आणि त्यासाठी आमचा होकार हवा होता.

रसायनाचं यंत्र सांभाळणारी माझी सहकारी होती, तिला सगळे मिरची म्हणायचे. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, टोपी आहे तोवर ठीक. शेपटीमुळे ह्याचा जोर किती वाढलाय बघितलंत? टोपी पडली ना, तर हा पाहुणा घरजावई होऊन बसेल."

माझ्याकडे यीस्टची चाचणी होती. यीस्टच्या पेशींत माणसाचा रिसेप्टर घातलेला असतो. त्याला कुणी जागं केलं की ताटलीच्या खळग्यांतलं पिवळं पाणी लाल होतं. नुसती पूड घातली तेव्हा पाणी पिवळंच राहिलं. पण पोटात गेलेली गोष्ट पोटातच राहत नाही. आतड्यात जंतूंचं मोठं खटलं नांदत असतं, आणि ते येईल त्या द्रव्याचं काहीबाही करून टाकतं. म्हणून पूड माणसाच्या विष्ठेत कालवून, ऊब देऊन ठेवायची आणि मग तिचा अर्क यीस्टवर घालायचा, अशी रीत होती. ते कालवाकालवीचं काम मागच्या खोलीत, थेट साहेबांच्या देखरेखीखाली व्हायचं. माझ्यापर्यंत यायचा तो गाळलेला, स्वच्छ अर्क. तोही पिवळाच राहिला. साहेबांनी सगळ्यांना कॉफी पाजली.

त्या पिवळ्या रंगाची सगळ्यात जास्त वाट माझ्या घरी पाहिली जात होती.

वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, आमच्याकडेच राहायच्या. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या स्तनातली गाठ काढली होती. ती गाठ नेमकी ह्याच हार्मोनच्या हुकमावर वाढणारी निघाली, म्हणून डॉक्टरांनी रिसेप्टर झाकून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "रिसेप्टरला हात लावील असं काहीही पोटात जाता कामा नये. बाकी हवं ते खा." पण त्या गोळ्यांनीच वन्संच्या अंगाची भट्टी व्हायची. बोलता बोलता मान लाल व्हायची, पाठीवरून धारा लागायच्या. त्या ओला पंचा मानेवर टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, "विषुववृत्त कुठून जातं विचारलंस, तर सांगेन, माझ्या गळपट्टीतून."

साहेब दवाखान्यात त्यांना भेटायला आले होते, तेव्हा फुलांबरोबर ह्याच पुडीचा डबा घेऊन आले. डब्यावर एक पांढऱ्या केसांची बाई गवतात हसत उभी होती. मी तो डबा फडताळात वर ठेवला आणि वन्संना म्हटलं, तपासणी होऊ दे. अर्क पिवळा राहिल्याचं घरी सांगितलं त्याच दिवशी त्यांनी स्टुलावर चढून डबा खाली काढला. आणि खरंच, काही दिवसांत त्या सलग झोपू लागल्या. सकाळी उठून गाणं गुणगुणत केस विंचरताना मी त्यांना कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

मिरचीला मात्र ह्याचा आनंद झाला नाही.

"ताई, जे जागेत बसतच नाही, ते थंडावा कुठून देतं?"

"कंपनी म्हणते, मेंदूत दुसरी वाट आहे."

"कुठली?"

"ते त्यांनी सांगितलेलं नाही."

"मग त्या पाहुण्यालाच विचारायचं का?" असं म्हणून ती यंत्राकडे वळली. मी हसले खरी, पण तिचा प्रश्न काट्यासारखा रुतून बसला.

त्याच आठवड्यात मागच्या खोलीतला मदतनीस आजारी पडला, म्हणून पुढच्या फेरीच्या बाटल्या आणायला मी स्वतः गेले. खोली आरशासारखी लख्ख होती. फरशी चकाकत होती, खिडकीत सुवासिक गोळ्यांची वाटी होती. उबदार कपाटातून मी एक बाटली काढली आणि बूच सैल केलं.

मी नाकाला पदर लावायला तयार होते. लहान मुलं वाढवली आहेत, सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलंय. मळाचा वास मला नवा नाही. पण हा वास तो नव्हता. हा शिजवलेला होता. पालेभाजी फार वेळ गॅसवर राहून भांड्याला लागावी, तसा कढत, गोडसर, मेलेला वास. जिवंत मळ उबेला ठेवला की वायू धरतो, बुचं वर उचलली जातात, उघडताना फुस्स होतं. इथे सगळी बुचं शहाण्या मुलांसारखी जागच्या जागी होती. आतला चिखल तळाशी बसला होता आणि वर चहासारखं निवळ पाणी आलं होतं.

मी बाटली घेऊन साहेबांच्या दाराशी गेले.

"तिथेच थांबा," ते चटकन म्हणाले. "बूच लावलंय ना?"

"लावलंय. साहेब, हा नमुना उकळलाय का?"

"अर्थात. आला की आधी ऑटोक्लेव्हमध्ये जातो. चांगला दाबाखाली शिजवून घेतो आपण. आपली माणसं काम करतात तिथे, काही जबाबदारी आहे की नाही?"

"पण त्यात जंतू मरतात."

"मरायलाच हवेत. कसले कसले रोग असतात त्यात!"

"साहेब, आपल्याला जंतूच तपासायचे होते."

त्यांच्या ध्यानात आलं होतं, हे मला त्यांच्या कानांवरून कळलं. कान तांबडे झाले. मग त्यांनी फवाऱ्याची बाटली उचलली, आमच्या दोघांमधल्या हवेत एकदा लिंबू उडवलं आणि म्हणाले, "जंतू मेले तरी त्यांची रसायनं राहतातच की. तुम्ही फार खोलात जाता. आणि समजा पुन्हा करायचं म्हटलं, तर त्या घाणीत हात कोण घालणार?"

"मी घालीन."

"आणि नमुना?"

"आणीन."

त्यांनी अंग चोरलं. आपल्या चुकीने ज्या बायका फसणार होत्या त्यांच्यापेक्षा माझ्या हातातल्या बाटलीची त्यांना जास्त किळस येत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कुणाला टाकून बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत आहे. त्या दिवशी मी ते ओठ दातांखाली धरून पाळलं.

आता अडचण अशी की टोपी काढणारे जंतू प्रत्येकाच्या आतड्यात असतातच असं नाही. कुणात असतात, कुणात नसतात. मला जगभराच्या बायकांचं नंतर कळलं असतं तरी चाललं असतं. आधी एकीचंच कळायला हवं होतं.

संध्याकाळी वन्सं गॅलरीत नखं कापत बसल्या होत्या.

"वन्सं, एक मागू?"

"माग की. पण माझी शाल सोडून."

"उद्या सकाळी तुम्ही… म्हणजे तुमचं… ह्या बाटलीत हवंय."

त्यांनी आधी रुंद तोंडाच्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शी! अगं, सकाळी जप झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी बाई तू! आणि माझं हे घेऊन बसमधून जाणार?"

"रिक्षानं जाईन."

"म्हणजे त्याला सवारीचा मान!" त्या खो खो हसल्या. मग हसू ओसरलं. भूगोलाच्या बाईंना नकाशा वाचता येत होता. "पुडीत काही निघालं का?"

"निघालं नाही. पण आम्ही नीट शोधलंच नाही, असं दिसतंय. तोवर डबा बंद ठेवाल का?"

"नाही," त्या स्वच्छ म्हणाल्या. "तू शोध. निघालं तर सांग. मी आत्ता कुठे झोपतेय, अंदाजावर माझी झोप मागू नकोस."

मी वाद घातला नाही. सकाळी न्हाणीघराच्या दाराशी बाटली ठेवलेली होती, बाहेरून तीन पिशव्या गुंडाळलेल्या. आतून वन्संचा आवाज आला, "झाकण घट्ट लावलंय. तुझ्या साहेबाला सांग, फुलांची परतफेड."

मिरचीला मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तिने प्रयोगशाळेच्या दारातच मला गाठलं आणि आपल्या पर्समधून तशीच एक बाटली काढली. "घ्या. तुलनेला दुसरं कुणाचं तरी लागेलच ना? माझी आई मला म्हणते, तू आयुष्यात कुणाला काही दिलं नाहीस."

पुढचं काम सुंदर शब्दांत सांगण्यासारखं नाही, आणि तसं सांगूही नये. दोघींनी नाकाखाली बाम चोपडला. हवा लागली की हे जंतू मरतात, म्हणून हातमोजे बसवलेल्या बंद काचपेटीत सगळं करायचं. तरी बाटली पेटीत सरकवताना वास सुटलाच आणि खोलीभर झाला. मी ते खारट पाण्यात कालवलं, चमच्याने भिंतीला दाबून गुठळ्या फोडल्या. न पचलेल्या टोमॅटोचं साल चमच्याला चिकटलं. परवाच्या जेवणातलं, मीच चिरलेलं. कापडातून गाळताना ते बोटांवर कोमट लागलं. मिरची दोनदा बाहेर जाऊन आली. मला ओकारी आली ती मी गिळली, कारण मोजे काढले असते तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं. प्रत्येकीच्या काल्याचे तीन भाग केले. एकात पूड, एकात उकळून मग पूड, आणि एकात काहीच नाही. घरी जाऊन डोक्यावरून न्हाले तरी तो वास नखांत राहिला. देवापुढे हात जोडताना तो माझा मलाच येत होता.

उबेला ठेवल्यावर बुचं वर आली. ह्या वेळी फुस्स झालं.

अर्क काढून यीस्टवर घातले. ताटली तयार झाली तेव्हा भरदिवसा, खिडकीशी आम्ही ती उजेडात धरली. उकळलेले सगळे खळगे पिवळे होते. मिरचीच्या काल्याचे, पूड घातलेले खळगेही पिवळेच. तिच्या आतड्यात टोपी काढणारं कुणी नव्हतं. वन्संचे पूड घातलेले खळगे लालभडक झाले होते.

मी त्यासाठी मन घट्ट केलं होतं. पण नजर गेली ती शेवटच्या रांगेवर. वन्संच्या ज्या भागात आम्ही काहीच घातलं नव्हतं, ते खळगे पिवळे नव्हते. केशरी होते.

"हे असं कसं?" मिरची पुटपुटली. "ह्यात तर पूड नाहीये."

"होती," मी म्हटलं. "त्या रोज खातात ना."

आम्ही करून बघत होतो ते त्यांच्या पोटात आधीच चाललेलं होतं. आमच्या उबदार कपाटाची गरजच नव्हती. एकीकडे गोळी त्या जागेवर झाकण घालत होती, आणि दुसरीकडे सकाळी चमचाभर पूड तिथे नवा पाहुणा धाडत होती. मिरचीने तोच अर्क आपल्या यंत्रात घातला. गोळीचा परिणाम असेल अशी शंका कुणी काढायला नको म्हणून. दुपारी तिने मला बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. शेपूट होतं. टोपी नव्हती.

साहेब आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी आले, रुमाल नाकाला. आत पाऊल टाकायला तयार नव्हते, म्हणून मी ताटली त्यांच्यापर्यंत नेली. त्यांनी ती दुरूनच पाहिली.

"म्हणजे एकीचं लाल, एकीचं पिवळं," रुमालातून आवाज आला. "माणसागणिक फरक. असतोच."

"ज्यांचं लाल आहे त्यांनी ही पूड घेणं धोक्याचं आहे, साहेब."

"आपण असं करू. आठ-दहा जणांचे नमुने एकत्र मिसळू आणि त्याची सरासरी देऊ. सरासरीत हे बसून जाईल."

"बसून जाईल?" मिरची म्हणाली. "कुठे, रिसेप्टरमध्ये?"

"तुम्ही तोंड सांभाळा. आणि ही खोली आधी धुऊन घ्या, कंपनीची माणसं उद्या यायची आहेत."

त्यांची इस्त्रीची घडी, पांढराशुभ्र रुमाल, बुटांवर पडलेला दिव्याचा उजेड, सगळं मी बघत होते आणि मला किळस आली. त्या दिवशी चमच्याला चिकटलेलं साल पाहून आली नव्हती इतकी. दहा जणींच्या मळात एकीचा लाल रंग विरघळवून त्याला स्वच्छ म्हणायचं, हे त्यांना घाण वाटत नव्हतं.

"ह्यावर माझी सही मिळणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान. त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं.

घरी गेले तेव्हा वन्सं वाट बघत खुर्चीत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. केशरी रांगेचंही. त्या उठल्या, डबा आणला, त्या हसऱ्या बाईकडे नीट पाहिलं आणि पूड संडासात रिकामी केली. साखळी ओढली. थोडी वर तरंगत राहिली, पुन्हा ओढली.

"सरासरी म्हणाला तो?"

"हो."

"फोन लाव."

"वन्सं, जाऊ द्या, मी डॉक्टरांना कळवलंय. कंपनीलाही सगळे रंग जसेच्या तसे पाठवणार आहे."

"तू तुझं पाठव. मला फोन लावून दे."

मी लावला. वन्संनी तो दोन्ही हातांनी धरला, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात बोलल्या. "साहेब? मी बोलतेय, तुम्ही फुलं आणली होतीत ती. एक विचारायचं होतं. माझ्या शौचाची सरासरी तुम्ही कुणाकुणाबरोबर काढताय?"

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लाजू नका. त्या बाया कोण ते तरी कळू दे, मिसळणारच आहात तर ओळख हवी. आणि तुमचाही घाला त्यात एक चमचा. काय म्हणालात? किळस? अहो, मी तुमच्या फवाऱ्याच्या भरवशावर महिनाभर ते गिळलंय!"

फोन ठेवून त्या रिकामा डबा कचऱ्यात टाकून आल्या.

ते वाक्य डब्यावर छापलं गेलं नाही. कंपनीला आमचे रंग मिळाले होते, आणि उगाच नसती भानगड नको म्हणून त्यांनी माघार घेतली. साहेबांनी कर्मचाऱ्यांना मात्र असं सांगितलं की इमारतीत दुर्गंधीच्या तक्रारी वाढल्यामुळे ते काम आपण थांबवत आहोत. मागची खोली त्यांनी पुन्हा रंगवून घेतली. माझ्याशी ते आता मानही हलवत नाहीत.

डॉक्टरांनी वन्संच्या तपासण्या नव्याने करायला सांगितल्या. पहिलीत काही निघालं नाही, दुसरी अजून व्हायची आहे. पूड बंद केल्यावर लाही परतली, पूर्वीपेक्षा जास्त. काल दुपारी जेवता जेवता त्यांची मान पेटली, झंपर पाठीला चिकटला. त्यांनी ताट ढकललं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझा साहेब मेला खोटारडा. पण अगं, झोप खरी होती." मी टॉवेल भिजवून आणला. त्यांनी तो हिसकावून घेतला, मग थोड्या वेळाने स्वतःच झंपराची बटणं सोडली आणि पाठ माझ्याकडे केली. मी पुसत गेले, आणि मागून पुन्हा घाम फुटत गेला.